सुरीची मूठ दर वर्षी हलते? लाख बदलत बसू नका, आधी भोकात बघा

मामाचा फोन आला की मला आवाजावरूनच कळतं. "अरे, तुझी सुरी परत बोलायला लागली." बोलायला लागली म्हणजे मूठ हलते, पातं हातात धरून झटकलं की आतून खडखड येते. मामा मुळशीत राहतो, तिकडे पाऊस म्हणजे काय असतो ते ताम्हिणीला गेलेल्यांना सांगायला नको, आणि मी पुण्यात कंपनी सांभाळून शनिवार-रविवारी भट्टी पेटवणारा हौशी माणूस. ट्रकच्या पाट्यातून, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून, सात इंची पातं, धावड्याची मूठ, जुन्या शिकारी सुरीचा घाट. शिकार अर्थातच नाही, १९७२ पासून कायद्याने बंद आहे. ही सुरी बोकड सोलायला, कुंपणाच्या काठ्या तासायला आणि मामाच्या मते "कमरेला असावी" म्हणून. हीच एक सुरी माझ्याकडे तीनदा परत आली, तीनदा वेगळ्या पद्धतीने बसवली आणि चौथ्यांदा जमलं. बऱ्याच जणांचं हेच दुखणं असतं म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट, कारण मी स्वतः इथेच दोन वर्षं घालवली. मूठ हलली की आपण म्हणतो भोकात भरलेली लाख खराब होती, एपॉक्सी गोंद डुप्लिकेट होता, पुढच्या वेळी भारीतला आणू. माझ्या तिन्ही वेळा चिकटवायच्या मालाचा दोष निघालाच नाही. पकड लोखंडाने लोखंडाला आणि लोखंडाने लाकडाला द्यायची असते, लाख किंवा एपॉक्सी फक्त फटी बुजवून पाणी अडवायला. हे डोक्यात नीट बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, नाहीतर दर वर्षी नवीन ट्यूब.

आता तुमची मूठ कशी हलते ते बघा, कारण "हलते" असं सगळेच म्हणतात पण हलण्याचे प्रकार वेगळे आणि कारणंही वेगळी. पातं जाड कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि मूठ हाताने हलवा. डावी-उजवीकडे डुलत असेल आणि तोंडाशी, म्हणजे जिथे पातं मुठीत शिरतं तिथे, केसाएवढी फट उघड-बंद होत असेल तर भोक तोंडाशी मोठं झालंय, नव्वद टक्के वेळा ते जळल्यामुळे. मागेपुढे सरकत असेल तर लाख सुटलीय आणि शेपटीला, म्हणजे पात्याचा जो निमुळता भाग मुठीत जातो त्याला, अडकवणारं दुसरं काहीच नाहीये. गोल फिरत असेल तर शेपूट गोल घडवलीय, ती चपटीच पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही. आणि मूठ पक्की आहे पण पुढची साम, म्हणजे तोंडाचं पितळी कडं, तेवढंच वाजतंय तर घाबरू नका, लाकूड सुकून आकसलंय एवढंच, सुरी धोक्याची नाही.

फट दिसत नाही पण शंका आहे असं असेल तर एक सोपी टेस्ट. तोंडाशी साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि मूठ हळू दाबून वाकवायचा प्रयत्न करा. बुडबुडा आला म्हणजे आत हवा आहे, आणि हवा जाते तिथे पाणीही जातं.

माझी पहिली चूक अगदी गावठी पद्धतीची होती, म्हणजे पद्धत चांगली पण मी ती अर्धवट उचलली. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी मूठ कशी बसवतात ते मी लहानपणापासून बघत आलोय, शेपूट लाल करायची आणि लाकडात दाबायची, चर्रर्र आवाज, धूर, झालं. मी पण तेच केलं, फक्त त्यांचा हात आणि अंदाज माझ्याकडे नव्हता. मी शेपूट पार पिवळी होईपर्यंत तापवली आणि एका दमात आत घुसवली, आतून नुसता धूर येत होता आणि मी खूश. वर लाख आणि विटेची भुकटी भरली. आषाढात सुरी परत.

त्या वेळी मी नुसती लाख काढून नवीन भरली असती तर मला काहीच कळलं नसतं, पण रागाच्या भरात मूठ पटाशीने उभी फोडली आणि ते बरं झालं. आत बघितलं तर शेपटीच्या चारी बाजूंनी काळा थर, जवळजवळ दोन मिलिमीटर जाडीचा, नखाने खरवडला की पूड होऊन पडतोय. म्हणजे माझी शेपूट लाकडात बसलीच नव्हती, कोळशात बसली होती. लाख शेपटीला घट्ट चिकटलेली, दुसऱ्या बाजूला कोळशालाही घट्ट चिकटलेली, फक्त कोळसा लाकडाला चिकटलेला नव्हता. तोंडापासून साधारण तीन सेंटीमीटर आत तांबूस डाग होता, एखाद्या भिंतीला ओल येते ना तसा, आणि तिथपर्यंत शेपटीवर गंज. हा डाग बघाच तुम्ही, पाणी कुठून आलं आणि कुठपर्यंत गेलं ते त्यात सगळं लिहिलेलं असतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणजे पहिल्या पावसात तो आतून लाकूड रेटतो, कोळसा चिरडतो, आणि नंतर गंजाचे पापुद्रे सुटले की जागा मोकळी.

मग भोक जाळायचंच नाही का? जाळा, चांगलं बसतं, पण शेवटचा अर्धा-एक मिलिमीटरच. आधी ड्रिलने शेजारी शेजारी दोन-तीन बारीक भोकं पाडा, मधलं लाकूड सुईसारख्या कानशीने काढा, शेपूट हाताने पाऊण भाग आत जायला पाहिजे. आणि जाळायला खरी शेपूट वापरूच नका. हे मला एका म्हाताऱ्या लोहारकाकांनी सांगितलं आणि डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला. त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्याची हुबेहूब तशीच उतरती, खोटी शेपूट घडवायची आणि ती तापवून भोक जाळायचं, खरं पातं बाजूला थंड पडलेलं. कारण खरी शेपूट तापवली की उष्णता पात्याच्या मुळाशी चढते, आणि तिथे निळा रंग दिसला म्हणजे तीनशे डिग्री होऊन गेली, तिथलं पाणी उतरलं, पातं तिथे मऊ. खोट्या शेपटीचा रंग काळपट लाल पुरे. तीन-चार सेकंद दाबायचं, काढायचं, कोळसा कानशीने खरवडून तपकिरी लाकूड दिसेपर्यंत साफ करायचं, परत. पाच-सहा वेळा करावं लागतं, कंटाळा येतो. करा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, पातं लाल तापवून एकदम गार करून कडक करतात त्याला "पाणी देणं" म्हणतात म्हणून खरंच बादलीत बुडवू नका. पाट्याच्या स्टीलला तेलच पाहिजे, साध्या पाण्यात घातलं तर बारीक "टिक्" असा आवाज येतो आणि मग नुसतं रडायचं. आणि शेपटीला पाणी अजिबात द्यायचं नाही, ती मऊच राहू द्या. तेलात बुडवताना फक्त पातं. शेपूट जिथे पात्याच्या खांद्याला मिळते, म्हणजे रुंद पातं संपून शेपूट सुरू होते, तो कोपरा काटकोनात घासू नका, छोटी गोलाई ठेवा, काटकोनातूनच तडा जातो. मूठ हलते म्हणून माझ्याकडे एक मित्र सुरी घेऊन आला होता, उघडली तर मूठ एकदम टणक, आतली शेपूटच अर्धी तुटलेली. म्हणून व्हाइसमधली टेस्ट करताना डुलणं दिवसेंदिवस वाढत असेल तर ती सुरी वापरणं ताबडतोब थांबवा.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो, कोळसा काढला, नवीन मूठ केली आणि एपॉक्सी भरला. जुलै गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, मी मामाला मेसेज टाकून विचारलं तर म्हणाला एकदम फर्स्टक्लास. एप्रिलच्या शेवटी फोन. या वेळी मुठीला मागून पुढे उभी चीर आणि साम बोटाने फिरतेय.

इथे लाकडाचा गुन्हा नाही, माझा. ती मूठ मी जूनच्या शेवटी केली होती, लाकूड भर पावसात आणलेलं, "वाळलेलं आहे साहेब" असं वखारवाल्याने सांगितलेलं. लाकूड हवेप्रमाणे पाणी धरतं आणि सोडतं, कितीही पॉलिश मारा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये चांगलं वाळलेलं लाकूडसुद्धा सोळा-सतरा टक्के ओल धरून असतं आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत तेच सहा-सातवर येतं. साग म्हणजे त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी तीस मिलिमीटर रुंदीची मूठ एवढ्या फरकात अर्ध्या मिलिमीटरच्या वर आकसू शकते, ते पण वलयांच्या दिशेने जास्त, आरपार त्याच्या निम्म्याने. लांबीत जवळजवळ काहीच नाही. आतली शेपूट मात्र लोखंड, ती आकसत नाही. मग लाकूड चारी बाजूंनी आवळतं, आवळायला जागा नाही, फाटतं. फाटलं की मोकळं. एपॉक्सी बिचारा एका बाजूला घट्ट धरून बसलेला होता, दुसऱ्या बाजूने लाकूडच निघून गेलं.

आणि हे कळलं की ती बादलीची ट्रिक का फसते तेही कळतं. सगळ्यांच्या आज्या-आजोबांनी सांगितलेली असते, कोयत्याची मूठ हलली की रात्रभर पाण्यात ठेव. सकाळी खरंच घट्ट होते. कारण लाकूड फुगलं, बाहेरून साम सोडत नाही म्हणून आत फुगलं, आणि आत शेपूट आहे म्हणून स्वतःच्याच धाग्यांना चेपून घेतलं. आठ दिवसांनी सुकलं की ते चेपलेले धागे परत उभे राहत नाहीत, मूठ आधीपेक्षा ढिली. मग परत बादली. आज दुपारी नारळ सोलायचेत आणि दुसरं हत्यार नाही तर ठीक आहे, दुरुस्ती म्हणून नको.

लाकूड वाळलंय का हे बघायला मशीन लागत नाही, किचनमधला वजनकाटा बास. मुठीपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा, दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट फासा म्हणजे टोकाकडून पटकन सुकून चिरा पडणार नाहीत, सावलीत ठेवा आणि दर रविवारी वजन लिहा. माझा धावड्याचा तुकडा १९२ ग्रॅमपासून निघाला आणि अकराव्या आठवड्यात १६१ वर येऊन थांबला, पुढचे तीन रविवार तिथेच. वजन थांबलं म्हणजे लाकूड त्या हवेत बसलं. मग मूठ बसवायची, शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत. तेव्हा लाकूड मधल्या ओलीवर असतं, पावसाळ्यात थोडं फुगेल, उन्हाळ्यात थोडं आकसेल, दोन्हीकडे पूर्ण ताण जात नाही. जून-जुलैत मूठ बसवणं बंदच केलं मी, त्या दिवसांत पाती घडवतो.

लाकूड कुठलं यावर लोक फार भांडतात. धावडा चिवट आहे, कुऱ्हाडीच्या दांड्याला पूर्वीपासून तोच. बाभूळ चांगली, स्वस्त, फक्त पांढरा बाहेरचा भाग घेऊ नका, तो किडतो. शिसव दिसायला राजा आहे. साग स्थिर आहे पण ठोक्याला मऊ, पातळ मुठीला मी वापरत नाही. खैर कुणी दिला तर आधी कुठून आणला विचारा, तोडायला परवानगी लागते. पण कुठलंही घ्या, रेषा मुठीच्या लांबीत सरळ पाहिजेत, गाठ तोंडाशी नको.

तिसरी फसगत लवकर सांगतो कारण आठवली की लाज वाटते. लाकूड वाळलेलं, भोक साफ, आणि आता हलायलाच नको म्हणून मी आडव्या दोन पितळी खिळ्या मारल्या, एक तोंडापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर. दोन्ही एकाच रेषेत, एकाच धाग्यावर. मामाने पहिल्याच बोकडाला हाड फोडायला पात्याच्या पाठीवर दगड मारला आणि एका खिळीपासून दुसऱ्या खिळीपर्यंत मूठ शेंगेसारखी उकलली. हाड फोडायला सुरी नसते हे मामाला सांगून उपयोग नाही. खिळी मारायची तर एकच, चार मिलिमीटरची, मुठीचे तीन भाग धरले तर मधल्या भागात, आणि शेपटीतलं भोक पाणी द्यायच्या आधी पाडून ठेवायचं, नंतर ड्रिल बिट रडतात.

चौथ्यांदा जे केलं ते खरं तर जुनंच आहे. आपल्याकडच्या कोयत्या-विळ्यांची शेपूट मुठीतून आरपार काढून मागे वाकवतात ते बघितलंच असेल, फिनलंडची पुक्को सुरी असते तिचीही शेपूट बऱ्याचदा मागच्या चकतीवर ठोकून पसरवलेली असते. मी शेपूट लांब घडवली, शेवटी सहा मिलिमीटर चौकोनी, मुठीच्या मागे पितळेची तीन मिलिमीटरची चकती, आणि शेपटीचं टोक दोन मिलिमीटर बाहेर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू पसरवलं. शंभर बारीक ठोके, चार मोठे नाही. टोक आधी गॅसच्या टॉर्चने लाल करून आपोआप गार होऊ दिलं होतं म्हणजे मऊ राहतं, हे मूठ चढवायच्या आधी करायचं हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो कारण एकदा मी उलटं केलं होतं. आता पुढे खांदा आणि मागे चकती, मधे लाकूड दाबलेलं, आणि लाकूड लांबीत आकसत नाही म्हणून ही पकड बारा महिने तेवढीच राहते. सगळी गंमत एवढीच आहे.

सामेचं वेगळं. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना तापवून चढवतात आणि पाणी मारून आवळतात, तेच इथे लहान प्रमाणात. पण पितळी कडं इतकंच तापवा की थुंकी लगेच उडाली पाहिजे, लाल केलं तर खाली परत कोळसा आणि आपण परत पहिल्या वर्षात. लाकडाची बैठक मागे जाताना किंचित जाड ठेवा, म्हणजे साम मागे ठोकली की घट्ट होते. उन्हाळ्यात वाजली तर लाकडाच्या तुकड्याने एक-दोन ठोके, झालं.

भरायला मी परत लाखेवर आलो. तलवारीच्या मुठीत लाख भरायचे, नेपाळच्या खुकरीत अजून भरतात, आणि लाखेचं एक फार मोठं सुख आहे की ती परत निघते. सत्तर-ऐंशी डिग्रीला मऊ पडते. मूठ काढायची असेल तर सुरी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड वर बांधून, उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं धरा आणि जाड हातमोजा घालून पातं ओढा. चकतीवाली असेल तर आधी पसरवलेलं टोक कानशीने घासून काढावं लागेल. पाणी शंभरच्या वर जात नाही म्हणून पात्याला काही होत नाही, गॅसच्या ज्वाळेवर धरू नका. तोटा पण तोच, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर सुरी ठेवली तर लाख ढिली पडते. गाडीत ठेवणाऱ्यांनी एपॉक्सी वापरा, सावकाश सुकणारा, पाच मिनिटवाला नको, आणि शेपूट आधी खरखरीत पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसा, काळा पापुद्रा राहिला तर तो पापुद्र्यालाच चिकटतो.

शेवटी तोंडाशी जवसाचं तेल, दर पावसाळ्याआधी, पितं तेवढं पाजायचं आणि उरलेलं पुसून घ्यायचं. पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, उघडं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका.

दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या लावलेल्या रुंद शेपटीच्या सुऱ्या असतात त्यांचं दुखणं वेगळं, तिथे मूठ हलत नाही, कडेला लोखंड बोटाला लागायला लागतं कारण फळ्या आकसल्या. उन्हाळ्यात परत घासून सारखं करा, पावसाळ्यात फळ्या थोड्या वर येतील, चालतं. आणि पातं नऊ इंचांवर किंवा रुंदी दोन इंचांवर घडवायच्या आधी शस्त्र नियम वाचून घ्या, शेती आणि घरकामाच्या हत्यारांना सूट आहे, पण शिकारी घाटाची सुरी कुठल्या खात्यात बसवायची हे नाक्यावरचा हवालदार ठरवणार.

मामाच्या सुरीचे दोन पावसाळे झाले. चकती हिरवी पडलीय, मूठ काळपट झालीय, गेल्या गुरुवारी मुद्दाम गेलो आणि साबणाच्या पाण्याची टेस्ट केली, एक बुडबुडा नाही. मामा ओट्यावर बसून बघत होता. म्हटलं मामा, झाली की नाही पक्की? तर म्हणाला, "मूठ ठीक आहे रे, पण धार कुठाय?"